आधी खरखर मोजा

गुरुत्वीय लहरी पकडायला प्रकाश आणि आरसे वापरावेत, हे रायनर वाइस यांच्या आधीही सुचलं होतं. गेर्त्सेनश्टाइन आणि पुस्तोवोइत या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९६२ मध्येच ते मांडलं होतं. तरीही २०१७ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा वाइस यांना मिळाला आणि तो रास्तच होता, असं मी मानतो. लहर कशी दिसेल याच्याआधी ती कशाकशात बुडून जाईल, हा विचार त्यांनी केला.

त्यांचा जन्म १९३२ चा, बर्लिनचा. वडील ज्यू आणि कम्युनिस्ट. नाझींच्या जर्मनीत राहणं शक्यच नव्हतं. प्रागमार्गे कुटुंब न्यूयॉर्कला पोचलं. तिथे हा मुलगा रेडिओ दुरुस्त करायचा, लोकांना ध्वनियंत्रणा जोडून द्यायचा. लाखेच्या तबकडीवर संथ संगीत सुरू झालं की सुईची खरखर वर यायची. ती घालवायची कशी, हे शिकायला तो एमआयटीत गेला. शिक्षण मध्येच सुटलं, पण तिथल्याच प्रयोगशाळेत तो तंत्रज्ञ म्हणून परतला आणि अणुघड्याळांच्या कामात रमला.

साठच्या दशकाच्या अखेरीस वाइस एमआयटीतच सापेक्षता शिकवत होते. विद्यार्थ्यांनी जोसेफ वेबर यांच्या प्रयोगाबद्दल विचारलं. वेबर ॲल्युमिनियमच्या अजस्र दंडगोलाची थरथर मोजत. लहरी सापडल्याचा त्यांचा १९६९ चा दावा पुढे कुणालाच पडताळता आला नाही. वाइस यांनी वर्गाला एक साधं गणित घातलं: दोन मोकळ्या वस्तूंमध्ये प्रकाश पाठवला, तर लहरीमुळे त्याच्या प्रवासाचा वेळ किती बदलेल?

या गणिताचा विस्तार १९७२ मध्ये एमआयटीच्या एका तिमाही अहवालात आला. त्यातली अडथळ्यांची यादी मला फार मोलाची वाटते. जमिनीचा थरकाप, लेसरचे चढउतार, उष्णतेने होणारी थरथर, आरशावर पडणाऱ्या प्रकाशाचा दाब, वैश्विक किरणसुद्धा. भोवतालच्या हवेची घनता बदलली की तिचं गुरुत्वाकर्षण आरशाला किंचित ओढेल, तेही त्यात धरलेलं. यंत्र उभं राहण्याआधीच त्याला काय काय नडेल याचा अंदाज कागदावर आकड्यांत मांडून झाला होता.

त्या यादीशी झुंजण्यात चार दशकं गेली. किप थॉर्न, रॉन ड्रेव्हर, बॅरी बॅरिश आणि पुढे शेकडो जण जोडले गेले. २००२ ते २०१० या काळात त्यांच्या लायगो या वेधशाळेला एकही लहर मिळाली नाही. मग चाळीस किलोचे आरसे काचेच्या बारीक धाग्यांवर, चार टप्प्यांच्या लोलकात टांगले. १४ सप्टेंबर २०१५ ला यंत्राच्या चार किलोमीटरच्या भुजांत प्रोटॉनच्या व्यासाच्या काही सहस्रांशांइतका फरक पडला. सुमारे १.३ अब्ज प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली होती. तरी लगेच जल्लोष झाला नाही. परीक्षेसाठी मुद्दाम खोटा संकेत घालण्याची प्रथा होती, त्यामुळे आधी तीच शंका फेडली गेली. घोषणा झाली फेब्रुवारी २०१६ मध्ये.

ऑगस्ट २०२५ मध्ये वाइस गेले. आधी खरखर मोजायची त्यांची शिस्त आपल्याकडेही दिसते. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि सहकाऱ्यांनी खरखरीत बुडालेला संकेत ओळखण्याचं गणित नव्वदच्या दशकापासून घडवलं आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेला २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटींची मंजुरी मिळाली. ती जागा ठरवतानाही तिथल्या जमिनीचा थरकाप मोजून पाहिला होता.