सांगायची वेळ

आमच्या धरणगावकडे 'आबा पाटील' अशी हाक मारली तर चार माणसं वळून पाहतात. शेतात त्यानं काही बिघडत नाही. दवाखान्यात बिघडतं.

माझे थोरले भाऊ, आम्ही त्यांना आबाच म्हणतो, दम्यासाठी एका दवाखान्यात भरती होते. शेजारच्या खाटेवरही आबा पाटीलच. त्यांना साखरेचा आजार. संध्याकाळी सिस्टर आली. "आबा पाटील ना?" आबांनी मान हलवली. तिनं दंडात सुई टोचली, पुढच्या खाटेपाशी गेली, कागद पाहिला आणि जागीच थबकली. इन्सुलिन आमच्या आबांना गेलं होतं.

ज्याला हा आजार नाही त्याला इन्सुलिन दिलं की रक्तातली साखर उतरते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बेशुद्ध पडतो, वेळेत कळलं नाही तर जातोही. सिस्टर पळत डॉक्टरला घेऊन आली. आमच्यासमोर उभी राहून म्हणाली, "काका, चूक माझी झाली." लगेच साखरपाणी पाजलं, ग्लुकोजची बाटली लावली. रात्रभर बोट टोचून साखर पाहणं चाललं. पहाटे आबांनी चहा मागितला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

पुतण्या मात्र तापला होता. "तक्रार करू काका, हिची नोकरीच घालवू." त्याचंही चूक नव्हतं. नर्सिंग शिकणाऱ्यांकडून पाच गोष्टी घोकून घेतात : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. रुग्णाचं नाव आपण सुचवायचं नसतं, त्याच्या तोंडून पूर्ण वदवून घ्यायचं असतं. ती पहिल्याच गोष्टीला चुकली होती.

३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावी, १२ लहान मुलांना पोलिओच्या डोसाऐवजी हात धुवायचं सॅनिटायझर पाजलं गेलं. दवाखान्यात नेलं, मुलं वाचली. पेपरात वाचून मीही तेव्हा ओट्यावर बसून म्हणालो होतो, 'यांना घरीच बसवा.'

पण त्या रात्री खाटेशेजारी बसल्या बसल्या मला माझा पंप आठवला.

पुष्कळ वर्षं झाली. जुलैचा महिना. मक्यात टू-फोर-डी तणनाशक मारलं आणि पाठीवरचा पंप नुसता पाण्यानं खंगाळून ठेवला. दुसऱ्या दिवशी बांधाशेजारचा भाऊ मागायला आला, मी देऊन टाकला. त्यानं तुडतुड्यांसाठी कपाशी फवारली. आठवड्यात पानं भेंडीच्या पानासारखी चिरली, आकसली. तणनाशकाचा थोडा अंश राहिला तरी कपाशीला बाधतो. मला पाहताक्षणी उमगलं. तो औषधाच्या दुकानदाराशी भांडला, तिथं मी सोबत गेलो, आणि गप्प उभा राहिलो.

मग त्या पोरीला मी कोणत्या तोंडानं बोलणार? पुतण्याला एवढंच म्हणालो, "तक्रार लिही. दोन रुग्णांचं एक नाव असलं तर हातावर पट्टी बांधा, हेही लिही. पण चूक तिनं स्वतः सांगितली, हे सगळ्यात वर लिही." सांगणाऱ्यालाच जर आपण झोडपलं, तर पुढच्या खाटेवरचा आबा मरेल आणि कारण कुणाला कळणार नाही.

घरी आल्यावर बांधाशेजारी गेलो. तो भाऊ आता नाही. त्याच्या पोराला सगळं सांगितलं. तो बराच वेळ मातीकडे पाहत बसला. मग म्हणाला, "काका, तेव्हाच सांगितलं असतं ना, तर कपाशी मोडून मका तरी टोचला असता बाबानं. ते वर्ष उधारीवर काढलं आम्ही."

सिस्टर पहिल्या गोष्टीला चुकली, पण पाचवी तिनं सांभाळली. मी पाचवीलाच चुकलो. माझं खरं त्याच्या कामाचं होतं ते फक्त त्या जुलैत.