घड की बाळी?

चि. छकुलीस,


परवा फोनवर तू विचारलंस, "आजोबा, उन्हाळ्यात द्राक्षवेलीची वाढ रोखायला फवारता आणि थंडीत मणी वाढावेत म्हणून घड बुडवता. असं उलटसुलट का?" प्रश्न इतका नेमका होता की लिहूनच उत्तर द्यावंसं वाटलं.

ज्या जिबरेलिन या संजीवकात, म्हणजे आपल्या जीएमध्ये, आपण घड बुडवतो ते वेल स्वतःही तयार करते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काडीच्या डोळ्यात एक इवलासा उंचवटा धरतो. त्याचं अजून काहीच ठरलेलं नसतं. मुळांकडून येणाऱ्या सायटोकायनिन या दुसऱ्या संजीवकाचा जोर असला, तर तो फांदत जातो आणि त्याचा घड होतो. जिबरेलिन वरचढ ठरलं, तर त्याच उंचवट्याची बाळी होते, आधार शोधत गुंडाळी घेणारी. म्हणून तेव्हा सीसीसी फवारायचं. ते वेलीला जिबरेलिन बनवू देत नाही. शेंडाही त्यासाठीच खुडायचा.

एका वर्षी त्या दिवसांत आभाळ हटेना आणि मी वर नत्रही जास्त दिलं. बाग अशी हिरवीगार, की येणारा-जाणारा थांबून बघायचा. ऑक्टोबरात गोडी छाटणी केली आणि फुटींवर ओळीच्या ओळी नुसत्या बाळ्या. तुझी आजी दिवसभर बोलली नाही. तेव्हा हाती काही उरलं नव्हतं, निकाल जूनमध्येच लागून गेला होता.

थंडीत मात्र गोष्ट वेगळी. मण्यातलं बी जिबरेलिन पुरवून मणी फुगवतं. आपल्या थॉमसनमध्ये बी धरतं, पण कोवळेपणीच खुंटतं. ती उणीव आपण बुडवणीने भरून काढतो.

संजीवकांच्या प्रमाणाचा हा खेळ फक्त द्राक्षातच नाही. १९५७ साली स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या पेशींवर दाखवलं, की ऑक्सिन हे संजीवक जास्त असलं तर मुळं फुटतात, सायटोकायनिन जास्त असलं तर कोंब, आणि दोन्ही तोलात असली तर पेशींचा नुसता गोळा वाढतो. शेजारच्या मळ्यातली टिश्यूकल्चरची केळी तू पाहिलीस ना? तीही याच प्रमाणाच्या हिशेबावर बाटलीत वाढवतात.

सप्टेंबरात सुट्टी काढून ये. काड्या तपासणीला नेऊ तेव्हा डोळ्याचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरतील. यंदा घड धरलाय की बाळी, ते आधी तू बघ.

तुझे,
आजोबा