लेखकाला नको असलेला पूल

गोष्ट संपते, पण तिच्यातलं एखादं पात्र संपायला तयार नसतं. महाभारताचं युद्ध कधीच आटोपलं, तरी नर्मदा परिक्रमा करून आलेल्या कुणा ना कुणाला अश्वत्थामा अजूनही वाटेत भेटतो, कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागतो. जपानी व्हिडिओ गेमच्या दुनियेत असंच मागे राहून गेलेलं एक पात्र आहे. शाला नावाची राजकन्या.

१९९५ च्या मार्चमध्ये स्क्वेअर या कंपनीने सुपर फॅमिकॉमवर 'क्रोनो ट्रिगर' आणला. 'फायनल फँटसी'चे हिरोनोबु साकागुची, 'ड्रॅगन क्वेस्ट'चे युजी होरी आणि 'ड्रॅगन बॉल'चे चित्रकार अकिरा तोरियामा अशी तीन मातब्बर नावं एकाच गेमवर होती. कथा कालप्रवासाची. त्यातला ढगांवर तरंगणाऱ्या झील या प्राचीन राज्याचा भाग प्रामुख्याने मासातो कातो या लेखकाचा. लाव्होस नावाच्या विनाशकारी जीवाची शक्ती मिळवण्याच्या हव्यासाने तिथली राणी वेडी झालेली असते आणि मनाविरुद्ध त्या कामाला जुंपलेली असते तिचीच मुलगी, शाला. समुद्राखालचा महाल कोसळतो तेव्हा शाला उरलीसुरली ताकद लावून नायकांना बाहेर पाठवते आणि स्वतः आत राहते. तिचा धाकटा भाऊ भलत्याच शतकात फेकला जातो आणि मोठा होऊन मेगस हा जादूगार बनतो. या गेमला दहाहून अधिक शेवट आहेत. तुम्ही लाव्होसला मारता, जग वाचवता. पण शालाचं पुढे काय झालं, हे एकाही शेवटात कळत नाही.

ही रुखरुख खेळणाऱ्यांइतकीच कातोलाही असणार, कारण वर्षभराच्या आत त्याने तिच्यावर एक छोटा गेम लिहिला. 'रॅडिकल ड्रीमर्स', उपशीर्षक 'चोरता न येणारं रत्न'. ३ फेब्रुवारी १९९६ रोजी तो आला, पण दुकानात नाही. तो आला आकाशातून. निन्टेन्डोने सॅटेलाव्ह्यू नावाचं एक उपकरण काढलं होतं. ते सुपर फॅमिकॉमच्या खाली जोडायचं आणि सेंट गिगा या उपग्रह रेडिओ केंद्रावरून ठरलेल्या वेळी प्रसारित होणारा गेम ८ मेगाबिटच्या छोट्याशा मेमरी पॅकमध्ये उतरवून घ्यायचा. रेडिओवरची श्रुतिका वेळ गाठून ऐकावी, तसा गेम वेळ गाठून घ्यायचा. सगळा कारभार जपानपुरता, आणि २००० च्या जूनअखेर ती सेवाही बंद पडली.

गेम जेमतेम तीन महिन्यांत तयार झाला होता. तेवढ्या वेळात 'क्रोनो ट्रिगर'सारखी चित्रं, नकाशे, लढाया करणं शक्यच नव्हतं. मग बहुतेक सगळं शब्दांवर सोपवलं. जपानमध्ये अशा गेमची वाट आधीच पडली होती. चुन्सॉफ्ट कंपनीने १९९२ मध्ये 'ओतोगिरिसो' आणि १९९४ मध्ये 'कामाइताची नो योरु' आणून 'साउंड नॉव्हेल' हा प्रकार रुजवला होता. पडद्यावर मजकूर, मागे अंधुक चित्र, कानात आवाज, आणि मधूनमधून प्रश्न: आता काय करायचं? आज आपण व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतो ते याच कुळातलं.

गोष्ट एका रात्रीची. सर्ज, किड आणि मॅजिल हे तीन चोर लिंक्स नावाच्या सरदाराच्या वाड्यात शिरतात. तिथे गोठलेली ज्योत नावाचं रत्न दडवलेलं आहे. किडला लिंक्सचा सूडही घ्यायचा आहे, कारण तिला लहानाचं मोठं करणाऱ्या लुकाचा जीव त्याने घेतला आहे. लुका म्हणजे 'क्रोनो ट्रिगर'मधली चष्मेवाली संशोधक. ते नाव आलं की जुना खेळाडू सावरून बसतो. निवेदन सर्जचं. पडदा जवळजवळ काळा. दगडी जिना, बंद दार, लांबच लांब दालन एवढंच दिसतं आणि तेही पुसट. कशाची तरी चाहूल लागते आणि पर्याय समोर येतात: लढायचं, पळायचं, की किडला हाक मारायची? उत्तराला थोडा उशीर झाला तरी फटका बसतो. आपली ताकद किती उरली ते आकड्यांत कुठेही दिसत नाही. किडचं आपल्याविषयीचं मत चांगलं होतंय की वाईट, याचाही हिशेब गेम गुपचूप ठेवतो आणि शेवटच्या प्रसंगात आपल्याकडून वसूल करतो. यासुनोरी मित्सुदाचं संगीत या अंधारात मोजकंच वाजतं. कितीतरी वेळ पावलांचे आवाज तेवढे सोबतीला.

किड शिवराळ, फटकळ, अंगावर धावून जाणारी. मॅजिल अंधारातून बाहेर येतो, दोन शब्द बोलतो, पुन्हा अंधारात. शेवटाकडे उलगडतं की ही किड म्हणजेच नव्याने जन्मलेली शाला. मॅजिल कोण, हे कुणी ठासून सांगत नाही. 'क्रोनो ट्रिगर' खेळलेल्याला सांगावंही लागत नाही. बहिणीला शोधत युगं पालथी घातलेला भाऊ तिच्या शेजारून चालतो आहे आणि आपण कोण आहोत हे तिला सांगत नाही. मला विचाराल तर या संपूर्ण मालिकेत भावाबहिणीबद्दल इतकं नेमकं दुसरं काही नाही, आणि ते साधलं आहे चित्रांसाठी वेळ नव्हता म्हणून.

मुख्य कथा एकदा पार पडली की आणखी सहा कथानकं उघडतात आणि त्यांत लेखकांनी मनसोक्त चेष्टा केली आहे. एकात सूर्यफूल धुमाकूळ घालतं, एकात अवकाशातले पोलीस येतात. सगळीच जमलेली नाहीत. पण त्यांनी एक गोष्ट आधीच मान्य करून टाकली: त्याच रात्री, त्याच वाड्यात वेगळंही काही घडू शकलं असतं.

एवढं करूनही कातो समाधानी नव्हता. १९९९ मध्ये 'क्रोनो ट्रिगर' प्लेस्टेशनवर आला तेव्हा त्यात हा छोटा गेम लपवून द्यायचा कंपनीचा विचार होता. कातोनेच तो थांबवला. घाईत झालेलं काम लोकांपुढे पुन्हा येऊ नये, असं त्याला वाटलं. लेखक म्हणून हे समजतं. कच्चा खर्डा चारचौघांत वाचला जावा असं कुणाला वाटेल? पण खर्डा एकदा प्रसारित झाला की तो खर्डा राहत नाही. कुणीतरी तो रात्री जागून उतरवून घेतलेला असतो.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कातोने तेच बीज घेऊन मोठा गेम आणला: 'क्रोनो क्रॉस'. त्यातही सर्ज, किड, लिंक्स, गोठलेली ज्योत आणि तो वाडा आहे. मित्सुदाच्या कित्येक चाली तिथे नव्या साजात वाजतात आणि शेवटी नोरिको मितोसे गाते त्या गाण्याचं नावही 'रॅडिकल ड्रीमर्स'च. म्हणून या छोट्या गेमला दोन मोठ्या गेममधला पूल म्हणायची पद्धत पडली आहे. मला ते फारसं पटत नाही. पुलाची दोन्ही टोकं काठाला लागलेली असावी लागतात. इथे अलीकडचं टोक पक्कं आहे, पलीकडचं हवेत. 'क्रॉस'मधला सर्ज वेगळा, लिंक्स वेगळा, किडची हकिगतही बदललेली. मेगस तर गायबच आहे. गाइल हा बुरखाधारी जादूगार आधी मेगस म्हणूनच योजला होता. पण चाळीसहून अधिक पात्रांच्या गर्दीत त्याला न्याय देता येणार नाही म्हणून कातोने तो बेत सोडला. मोठ्या गेमला जागा भरपूर होती, तरी भावाला जागा मिळाली नाही.

कातोने नाकारलेल्या गेमची विल्हेवाट मात्र भारी लावली. 'क्रोनो क्रॉस' समांतर जगांची गोष्ट आहे. एका जगात सर्ज लहानपणीच बुडून मेलेला, दुसऱ्यात जिवंत. क्रोनोपोलिस या भविष्यातल्या संशोधन केंद्रातल्या संगणकांत एक नोंद सापडते: आपल्या जगाहून वेगळ्या कुठल्या तरी जगात किड, सर्ज आणि मॅजिल यांनी एका वाड्यात चोरी केली होती. म्हणजे जुना मजकूर खोडला नाही, दुरुस्त केला नाही, अधिकृतही ठरवला नाही. 'हेही घडलं, पण इथे नाही,' एवढंच म्हटलं. कोणती घटना मालिकेच्या इतिहासात धरायची आणि कोणती नाही, यावर चाहते रात्र रात्र हमरीतुमरीवर येतात. या नोंदीने तो तंटाच निकाली काढला, असं माझं मत. चाहत्यांना ते अजून मान्य नाही, हा भाग वेगळा.

जपानबाहेरच्या लोकांना तर हा गेम रीतसर मिळालाच नव्हता. प्रसारण बंद झाल्यावर मेमरी पॅकमधून उतरवलेल्या प्रतींवर तो तगला. २००३ मध्ये डेमिफोर्स या हौशी मंडळीने त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं जगाने तेच वाचलं. हे कायद्यात बसणारं काम नव्हतं. पण कंपनी देत नव्हती, लेखकाला नको होतं आणि उपग्रह गप्प झाला होता. मग सांभाळायचं कुणी? एप्रिल २०२२ मध्ये 'क्रोनो क्रॉस' नव्याने निघाला, तेव्हा 'रॅडिकल ड्रीमर्स' पहिल्यांदाच अधिकृत इंग्रजीत त्याच्या सोबत आला. इतकंच नव्हे, तर त्या आवृत्तीचं नावच 'द रॅडिकल ड्रीमर्स एडिशन' ठेवलं. १९९९ मध्ये लपवून आणायलाही नको असलेलं नाव आता वेष्टनावर छापलं गेलं.

नव्याने येणाऱ्यांनी कोणत्या क्रमाने खेळावं, असं कुणी विचारलं तर मी सांगतो: आधी 'ट्रिगर' पूर्ण करा, मग लगेच हा छोटा गेम घ्या. काही तासांत संपतो. रात्री खेळा, कानाला हेडफोन लावा, आणि मॅजिल बोलेल तेव्हा मजकूर पुढे ढकलायची घाई करू नका. 'क्रॉस' नंतर, सवडीने. त्यातला वाडा लख्ख उजळलेला आहे. पहिल्यांदा बघाल तेव्हा थोडी निराशा होईल, ती गृहीत धरा.