गहू, निदण आणि गाजरगवत



आजच्या शुभवर्तमानातील (मत्तय १३:२४-४३) दाखला ऐकून कोणी म्हणेल, "फादर, धनी तर निदण उपटू नका म्हणतो, आणि तुम्ही दफनभूमीतले गाजरगवत उपटायला बोलावता!" प्रश्न रास्त आहे.

धन्याने चाकरांना का थांबवले? निदण कोवळेपणी गव्हासारखेच दिसते आणि दोघांची मुळे एकमेकांत गुंततात. खात्रीची ओळख नसताना हात घालू नका, असे तो सांगतो. हात बांधून बसा, असे नव्हे.

गाजरगवत ओळखता येते. पाने गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली, फुले बारीक, पांढरी. १९५५ साली ते पुण्यात आढळले. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे मानतात. म्हणजे इथेही गव्हाच्या सोबतीने निदण! एका झाडाला हजारो बिया येतात. अंगाला लागले तर खाज व पुरळ उठते, परागांमुळे दमा वाढतो.

म्हणून ते फुलण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटावे. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि नाकातोंडाला रुमाल हवाच. दमा किंवा त्वचारोग असलेल्यांनी या कामाला येऊ नये. न फुललेले गवत खतखड्ड्यात चालते, फुललेले टाकू नये. त्याची पांढरी फुले वेदीवरच्या किंवा कबरीवरच्या गुच्छात भरीला घालू नयेत. मोकळ्या झालेल्या जागी टाकळा पेरावा, तो गाजरगवताला वर येऊ देत नाही. पानांवर पिवळसर, तपकिरी रेघांचे भुंगेरे दिसले तर मारू नका. हे गवत खाण्यासाठीच ते १९८३ साली मेक्सिकोतून भारतात आणले गेले.

"भिंतीपलीकडचा प्लॉट माझा नाही," "गाळ्यामागची जागा कोणाची कोण जाणे," असे आपण म्हणतो. बी मात्र भिंत पाहून थांबत नाही. दाखल्यातला वैरी लोक झोपेत असताना आला, हे विसरू नका.

देवाने निर्मिलेली कोणतीही वस्तू मुळात वाईट नाही, असे संत ऑगस्टीन शिकवतात. हे गवतही आपल्या मायदेशी इतर झाडांपैकी एक आहे. तिथे त्याला खाणारे किडे आहेत. इथे त्याला आवर घालणारे फारसे कोणी नाही, म्हणून ते माजते.

माणसांबाबत मात्र आपण उलटे वागतो. गवत डोळ्यांसमोर वाढू देतो. पण दारू पिणारा शेजारी, मिस्साला न येणारा तरुण, परधर्मात लग्न केलेली मुलगी यांना लगेच निदण ठरवून उपटायला धावतो. गाजरगवत कितीही थांबले तरी गाजरगवतच राहते. माणूस पालटू शकतो. त्यासाठी देवाने त्याला कापणीपर्यंत वेळ दिला आहे. तो हिरावण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पुढील रविवारी मिस्सानंतर दफनभूमीत जमू या. ज्याच्याशी बोलणे बंद आहे, त्यालाही हाक मारून सोबत आणा.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वादित करो.

– आपले धर्मगुरू