दारं धरल्यासारखं

मांडवाच्या कडेला, मिक्सरमागच्या खुर्चीत बसा. सप्ताहाचा सहावा दिवस. हरिपाठ झालाय, कीर्तनाला अर्धा तास आहे, आणि महाराजांचा कॉलर माइक मुका झालाय.

चार जण चार सल्ले देतील. देऊ द्या. तुम्ही हात मांडीवर ठेवा. एक श्वास सावकाश आत, सावकाश बाहेर. कुठलीही वायर अजून हलवू नका. मी एकदा घाईत तीन पिना एकदम उपसल्या होत्या. आवाज आला, पण बिघाड नेमका कुठे होता ते कळलं नाही आणि ऐन काल्याच्या कीर्तनात तो परत हजर झाला.

आता मनाने शेतावर जा. शिरूरकडचे असाल तर चासकमानचा कालवा आठवा, दौंडकडचे असाल तर खडकवासल्याचा. आवर्तन सुटलंय, रात्रीचं तुम्ही दारं धरायला गेलात, आणि सरीत पाणीच नाही. मग हातात बॅटरी घेऊन चारीच्या कडेने उलटं वर चालत जाता. इथे ओल आहे? नाही. इथे? जिथे पाणी दिसतं आणि चार पावलं पुढे दिसत नाही, त्याच्या मधेच कुठेतरी फुटलेलं असतं.

तसंच चाला. रिसिव्हरकडे बघा. त्यावर बहुधा दोन दिवे असतात. आरएफचा दिवा सांगतो की महाराजांच्या कमरेला लावलेल्या ट्रान्समीटरच्या डबीतून रेडिओलहर पोचतेय. एएफचा सांगतो की त्या लहरीवर आवाज स्वार आहे. दोन्ही विझलेले असतील तर डबीतले सेल बघा. बहुतेक वेळा बिघाड तिथेच असतो, आणि नवे म्हणून दिलेले सेलही कधीकधी दुकानातच म्हातारे झालेले असतात. सेल चांगले असतील तर दोन्हीकडची फ्रिक्वेन्सी जुळतेय का ते पाहा. आरएफ लागलाय, बोलूनही एएफ लागत नाही? मग म्यूटचं बटण, नाहीतर कॉलरपासून डबीपर्यंतची ती केसाएवढी वायर. दोन्ही लागलेत आणि तरी भोंगा गप्प? मग डबीला हात लावू नका. पाणी इथवर आलंय. पुढची पिन, मिक्सरचा चॅनेल, ॲम्प्लिफायर. पिन काढण्याआधी मात्र आवाज शून्यावर आणा, नाहीतर तो एक ‘धप्प’ भोंग्याच्या युनिटला महागात पडतो.

थांबा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलल्यावर ऐका.

दुपारी रिकाम्या मांडवात सगळं ठणठणीत होतं, हेही आठवा. यूएचएफची लहर अर्ध्या मीटरच्या आसपास लांब. माणसाच्या अंगातलं पाणी तिला सहज शोषून घेतं. गर्दी बसली की टेबलाखाली ठेवलेला रिसिव्हर त्या साऱ्या पाण्याच्या पलीकडे जातो. त्याला उचला, डोक्यांच्या वर ठेवा, महाराजांकडून सरळ दिसेल असा. लोक अशा वेळी आवाज वाढवायला सांगतात. तुटणाऱ्या लहरीवर आवाज वाढवून काही होत नाही; उलट महाराज भोंग्यापुढे आले की शिट्टी सुरू होते.

आता नुसतं ऐका. खालून एक बारीक घुमणं येतंय का? ती 50 हर्ट्झची वीज आहे. माइकची वायर विजेच्या वायरीला बिलगून गेली असेल तर सोडवून दूर घ्या. ओलांडायचीच असेल तर आडवी ओलांडू द्या. अर्थिंगची तार मात्र कधीही तोडू नका, त्याने गुणगुण थांबत असली तरीही. त्या वायरीवर माणसांचे जीव आहेत.

घुमणं गेलं. वीणेकरी उभे राहिलेत, पखवाजाला कणीक लागतेय. महाराज अजून गप्प आहेत, तरी एएफचा दिवा मधूनच लुकलुकतोय आणि भोंग्यात खरखर होतेय. सेल नवे आहेत, वायर शाबूत आहे. नीट बघा. तुळशीची माळ माइकला घासतेय. उठा, नमस्कार करून जवळ जा आणि माइक दोन बोटं बाजूला सरकवा.