सोसणाऱ्याचा हक्क

शब्दकोशात काही शब्दांपुढे ‘अप्रचलित’ अशी नोंद असते. शब्द अप्रचलित झाला म्हणजे त्याने जपलेले मूल्यही अप्रचलित ठरते काय?

स्कॉटलंडची स्कॉट्स ही इंग्रजीची सख्खी बहीण. सोळाव्या शतकात ती तेथील राजदरबाराची व कायद्याची भाषा होती. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर लोकांच्या हाती बायबल आले ते इंग्रजीत. १६०३ मध्ये राजाही लंडनला गेला. प्रार्थनेची आणि प्रतिष्ठेची भाषा बदलली. स्कॉट्स शब्द शेतात व चुलीपाशी उरले. १८०८ मध्ये जॉन जेमिसन या धर्मोपदेशकाने त्यांचा दोन खंडांचा कोश प्रसिद्ध केला. विल्यम लॉरिमर यांनी ग्रीकमधून केलेला नव्या कराराचा स्कॉट्स अनुवाद त्यांच्या मृत्यूनंतर, १९८३ साली प्रकाशित झाला.

या भाषेत ‘लील’ म्हणजे निष्ठावंत, सचोटीचा. ‘लीलांचा देश’ म्हणजे स्वर्ग. ‘ड्री’ म्हणजे भोगणे. त्याच्या सोबतीला बहुधा ‘वीर्ड’, अर्थात नियती असते. आणि ‘थोल’ म्हणजे सोसणे. आपल्याकडेही भोग वाट्याला येतात. सोसण्यात मात्र माणसाचे मन सामील असते.

यावर कोणी म्हणेल, ‘सोसा’ हा उपदेश नेहमी दुबळ्यालाच केला जातो. आक्षेप खरा आहे. परंतु स्कॉटलंडच्या न्यायालयात हाच जुना शब्द वेगळे काम करतो. एकदा खटला चालून निकाल लागला, मग तो सुटकेचा असो वा शिक्षेचा, की त्या माणसाने आपला खटला ‘थोल’ केला, सोसला, असे म्हणतात. त्याच आरोपावरून त्याला पुन्हा उभे करता येत नाही. २०११ च्या कायद्याने नव्या सबळ पुराव्यासारखे काही अपवाद जोडले. मूळ तत्त्व मात्र कायम ठेवले. येथे सोसणाऱ्याला हक्क मिळतो आणि बंधन पडते ते न्याय करणाऱ्यावर.

आपल्या घरांत हे बंधन कोण पाळतो? दारू सोडून दहा वर्षे झालेल्या भावाला प्रत्येक भांडणात जुनी बाटली दाखवली जाते. मुलीची एक चूक तिच्या लग्नानंतरही उगाळली जाते. शिक्षा भोगून झाली, क्षमाही जाहीर झाली, तरी खटला चालूच! अशा वेळी आपण न्याय करत नसतो; केवळ सत्ता गाजवत असतो.

शब्द कोशात जपता येतो. मूल्य जपायचे तर मिटलेले प्रकरण मिटलेलेच ठेवावे लागते. आणि तेही आपल्याला बोलण्याची संधी असताना.