घराचा हक्क आणि रांगेचा न्याय

देणे दोन प्रकारचे असते. सावकाराचे कर्ज हे एक देणे होय. ते कोणास, किती व केव्हा फेडावयाचे हे ठरलेले असते. दीनदुबळ्यांस साहाय्य करणे हे दुसरे. ते केले तर पाहिजे, परंतु अमक्याच याचकास अमक्याच दिवशी द्यावे असे बंधन दात्यावर नसते. न्याय व औदार्य ह्यांतील भेद जॉन स्टुअर्ट मिल ह्याने नेमका येथेच दाखविला आहे. जेथे एखादी निश्चित व्यक्ती पुढे येऊन 'हे माझे येणे आहे' असे म्हणू शकते, तेथे न्यायाचा प्रांत सुरू होतो. तर मग राहावयास घर मिळणे हे ह्यांपैकी कोणत्या प्रकारचे देणे मानावयाचे?

दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ सालच्या राज्यघटनेने ह्या प्रश्नास दुहेरी उत्तर दिले आहे. तिच्या २६ व्या कलमाप्रमाणे पुरेसे घर मिळविण्याचा हक्क प्रत्येकास आहे. मात्र सरकारने तो उपलब्ध साधनांच्या मर्यादेत, क्रमाक्रमाने सिद्धीस न्यावयाचा आहे. पहिल्या वाक्यातील भाषा ऋणाची आहे. दुसऱ्यातील रीत औदार्याची.

त्या देशात घराला ऋण म्हणण्यास सबळ कारण आहे. १९१३ च्या भूमी-कायद्याने बहुसंख्य कृष्णवर्णीयांस देशाच्या सुमारे ७ टक्के जमिनीत कोंडले. केप द्वीपकल्पात १९६२ पासून आफ्रिकी कुटुंबांसाठी घरे पुरविणेच थांबविण्यात आले. कामाच्या शोधात माणसे तरीही येत राहिली आणि पत्र्याच्या झोपड्या वाढत गेल्या. म्हणजे तेथील बेघरपणा हे केवळ दारिद्र्याचे फळ नव्हे. तो बऱ्याच अंशी कायद्याने घडविलेला आहे. हिरावून घेतलेले परत करणे ह्याला औदार्य कोण म्हणेल?

ह्या हक्काची कसोटी लवकरच लागली. केपटाउनच्या पूर्व सीमेवर वॉलेसडीन नावाची पाणथळ वस्ती आहे. तेथे त्या काळी ना नळ होता, ना सांडपाण्याची सोय. स्वस्त घरांच्या यादीत नाव घालून काहींस सात-सात वर्षे लोटली होती. १९९८ च्या सप्टेंबरअखेर त्यांतील काही कुटुंबे उठून जवळच्या एका रिकाम्या खाजगी जमिनीवर जाऊन राहिली. ती जमीनही स्वस्त घरांसाठीच योजलेली होती. मे १९९९ मध्ये, ठरल्या तारखेच्या एक दिवस आधी, त्यांच्या झोपड्या बुलडोझरने पाडून जाळण्यात आल्या. मूळ जागा तोवर इतरांनी व्यापल्या होत्या. तिकडचा हिवाळी पाऊस तोंडावर आला असता ३९० प्रौढ व ५१० मुले खेळाच्या मैदानावर प्लास्टिकच्या आडोशाला राहिली. आयरीन ग्रूटबूम ही स्त्री व तिचे सोबती न्यायालयात गेले.

४ ऑक्टोबर २००० रोजी घटना-न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती याकूब ह्यांनी लिहिलेल्या ह्या निकालाचे सार असे की, सरकारची योजना पुढेमागे घरे देणारी असली, तरी आज ज्याच्या डोक्यावर छप्परच नाही त्याची तीत काहीच तरतूद नाही. सबब ती वाजवी नव्हे. परंतु कोणाही एकास सरकारकडून तत्काळ घर मागता येईल, असे मात्र न्यायालयाने म्हटले नाही.

हा नकार आम्हांस योग्य वाटतो. जो दावा लावील त्यास घर, असे ठरले तर वकील न मिळालेला निरक्षर मनुष्य मागेच राहील. रांग हा गरिबाचा न्याय आहे. श्रीमंतास तीत उभे राहावे लागत नाही. तथापि रांगेच्या न्यायात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते: तीत उभे असलेले सगळेच थांबू शकतात. गळक्या छपराखाली थांबणे आणि मूल कडेवर घेऊन उघड्या मैदानात थांबणे ह्यांस एकच नाव देणे म्हणजे भाषेचा दुरुपयोग होय. म्हणून घर आणि निवारा हे भेद केले पाहिजेत. घर रांगेने मिळावे. आज रात्रीचा निवारा हे मात्र कर्जासारखे देणे आहे, आणि ते क्रमाक्रमाने फेडता येत नाही.

ह्यावर आक्षेप असा येईल की, मग जो तो जमीन बळकावून स्वतःस निराधार म्हणवील. आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण त्याचा उपाय निवारा नाकारणे हा नसून, निवारा दिल्याने घराच्या यादीतील क्रम बदलू न देणे हा आहे. दोन याद्या वेगळ्या ठेवल्या की रांग मोडत नाही व मूलही भिजत नाही.

ह्या निकालानंतर २००४ मध्ये सरकारने आपत्कालीन निवाऱ्याची निराळी योजना केली. १९९४ पासून बांधलेली घरे सरकारी हिशेबाने ३० लाखांवर गेली आहेत. हे कार्य लहान नव्हे. तरीही २००८ मध्ये आयरीन ग्रूटबूम वारली ती झोपडीतच. जगभरच्या विधि-महाविद्यालयांत जिचे नाव शिकविले जाते, तिला स्वतःला घर मिळाले नव्हते.

एवढ्यावरून तो निकाल निष्फळ ठरला असे आम्ही म्हणत नाही. तिच्या दाव्याने इतरांस छप्पर मिळाले असेल, तर तो तिचा विजयच आहे. पण 'प्रत्येकास' दिलेल्या वचनात व्यक्तीचे नाव व तारीख नसली, की ऋणाची भाषा कायम राहून व्यवहार मात्र औदार्याचा होऊ लागतो, हे तिच्या आयुष्याने दाखविले. म्हणून कोणत्याही राज्यास, किती वर्षांत किती घरे बांधणार, एवढेच विचारून भागत नाही. आज रात्री ज्याला छप्पर नाही त्याने कोणते दार ठोठवावयाचे, आणि 'उद्या या' असे म्हणण्याची मुभा नसलेला कोण त्या दाराशी बसलेला असेल, हे विचारले पाहिजे. जे राज्य ह्याचे उत्तर देऊ शकेल, त्यानेच घराला हक्क म्हणावे.